द्राक्षाची एक वेल, कांद्याची तीस रोपे, नागलीची साठ

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गावरान वाणांची आणि द्राक्षाच्या कलमांची डीएनए तपासणी करून शेतकऱ्याला तसा दाखला मिळावा, अशी मागणी नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या बैठकांतून ऐकू येते. मागणी रास्त आहे. परंतु ‘प्रत्येक वाणाचा एक नमुना प्रयोगशाळेत पाठवा’ अशी जी सोपी योजना तिच्या जोडीने मांडली जाते, ती तशीच अमलात आली तर पैसा खर्च होईल, दाखले छापले जातील आणि त्यांतील बरेचसे दिशाभूल करणारे असतील. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उमेद खर्ची घातलेला अध्यापक या नात्याने मला एवढेच सांगायचे आहे की, नमुना किती झाडांचा घ्यायचा हे ते पीक आपला वंश कसा पुढे नेते यावर ठरते, आणि आपल्या जिल्ह्याची ओळख असलेली द्राक्ष, कांदा व नागली (नाचणी) ही तीन पिके या एका बाबतीत परस्परांहून अगदी भिन्न आहेत.

प्रथम मार्कर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. डीएनएवरील ज्या निश्चित जागी एकाच जातीच्या दोन झाडांत फरक सापडू शकतो, अशी जागा म्हणजे रेणवीय मार्कर. असे मार्कर शोधण्याच्या आरएफएलपी पद्धतीचा विचार १९८० मध्ये पुढे आला, १९९० मध्ये आरएपीडी आणि १९९५ मध्ये एएफएलपी या पद्धती आल्या. आज मुख्यतः मायक्रोसॅटेलाइट आणि एसएनपी (डीएनएतील एकाच अक्षराचा फरक) हे मार्कर वापरले जातात. मायक्रोसॅटेलाइटमध्ये दोन-तीन अक्षरांचा तुकडा पाठोपाठ अनेकदा येतो, आणि तो किती वेळा येतो हे झाडागणिक बदलते. पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीने नेमका तेवढाच भाग वाढवून त्याची लांबी मोजली की झाडाजवळ कोणती रूपे आहेत ते कळते. या वेगवेगळ्या रूपांना अलील म्हणतात. पानाचा लहानसा तुकडा यासाठी पुरतो, आणि खत, पाणी किंवा हवामान यांनी निकाल बदलत नाही, हा झाडाची उंची किंवा फळाचा रंग पाहून केलेल्या वर्गवारीपेक्षा फार मोठा फायदा आहे.

आता द्राक्ष घेऊ. द्राक्षबाग बियांपासून लावली जात नाही. काडी घेऊन खुंटावर कलम केले जाते. त्यामुळे एका वाणाच्या निफाडमधील आणि दिंडोरीतील सर्व वेली म्हणजे वस्तुतः एकाच मूळ वेलीचा विस्तार असतो, आणि वाण ओळखण्यापुरती एकच वेल तपासली तरी चालते. याच गुणामुळे द्राक्षाची वंशावळ मार्करांनी फार सुबकपणे उलगडते. आपल्याकडे वाइनसाठी लावल्या जाणाऱ्या कॅबर्ने सॉव्हिन्याँचे जनक कॅबर्ने फ्राँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ हे दोन वाण आहेत, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९९७ मध्ये मायक्रोसॅटेलाइटच्याच आधारे दाखवले. परंतु येथेच एक अडचण दडलेली आहे. तास-ए-गणेश आणि माणिक चमन हे वाण थॉम्पसन सीडलेसमधूनच निवडलेले आहेत; वेलीच्या एखाद्या फांदीत घडलेला लहानसा बदल शेतकऱ्याच्या नजरेने हेरला आणि काडीने टिकवला. असा बदल डीएनएच्या एखाद्याच जागी झालेला असतो, म्हणून नेहमीचे दहा-वीस मायक्रोसॅटेलाइट तपासले तर मूळ वाण आणि निवड बहुधा सारखेच दिसतात. ‘अहवालात दोन्ही सारखे आले, म्हणजे रोपवाटिकेने फसवले’ असा निष्कर्ष त्यावरून काढणे अन्यायाचे होईल. असा भेद शोधायला संपूर्ण जनुकसंचाच्या क्रमवाचनापर्यंत जावे लागते. याउलट डॉगरीजसारखा खुंट वेगळ्या प्रजातीचा असल्याने तो सहज ओळखू येतो, मात्र त्यासाठी पान कलमाच्या सांध्याखालून फुटलेल्या फुटीचे हवे. सांध्यावरचे पान वरच्या वाणाचीच माहिती देईल, आणि खुंटाबद्दलची तक्रार जशीच्या तशी राहील.

कांद्याचे शास्त्र नेमके उलटे आहे. कांद्याच्या एका फुलातील पराग आधी मोकळा होतो आणि स्त्रीकेसर नंतर पक्व होतो. परागीभवन मधमाश्या व इतर कीटक करतात, म्हणून डोंगळ्यांवर (बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यांच्या फुलदांड्यांवर) येणारे बी बहुतांशी परपरागीभवनाचे असते. एन-२-४-१ हा सुधारित वाण असो की शेतकऱ्याने वर्षानुवर्षे घरी राखलेला उन्हाळ कांदा असो, त्याच्या एकाच वाफ्यातील दोन रोपे जनुकीयदृष्ट्या सारखी नसतात. अशा पिकाचा वाण म्हणजे एक समुदाय होय, आणि त्याची ओळख कोणते अलील आहेत यापेक्षा ते कोणत्या प्रमाणात आहेत यात असते. एका रोपाचे पान तपासून ‘हा अमुक वाणाचा कांदा’ असा दाखला देणे येथे निरर्थक आहे. तीस रोपांची पाने एकत्र कुटून एकच नमुना केला, तरी ही प्रमाणे हरवतात.

कांद्याच्या बाबतीत मार्करांचा माझ्या मते सर्वांत मोठा उपयोग वाणाचे नाव ठरवण्यापेक्षा दुसराच आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. चाळीतून चांगले गोल, घट्ट, एकसारख्या रंगाचे कांदे निवडून शेतकरी डोंगळ्यांसाठी लावतो. हे कांदे वीसच असतील, तर प्रत्येक पिढीत समुदायातील जनुकीय विविधतेचा चाळीसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, केवळ संख्या कमी असल्यामुळे गळतो. दहा पिढ्यांत ही गळती सुमारे बावीस टक्क्यांवर जाते. कांद्याला निकट संबंधांतील परागीभवन सोसत नाही, त्याचा जोम घटतो. बियाण्याला दोन हंगाम लागत असल्याने हा ऱ्हास सावकाश होतो आणि त्याचे खापर जमिनीवर किंवा हवेवर फुटते. दर काही वर्षांनी घरगुती बियाण्याची विविधता मार्करांनी मोजली, तर ‘आता शेजारच्या गावातून त्याच वाणाचे थोडे कांदे आणून मिसळा’ हा सल्ला वेळेवर देता येईल.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या उतारांवर राब भाजून आणि आवणी करून घेतली जाणारी नागली ही तिसरी तऱ्हा. नागलीचे फूल जवळजवळ पूर्णपणे स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे एकेक झाड आतून एकसारखे असते, डीएनएच्या प्रत्येक जागेच्या त्याच्याजवळच्या दोन्ही प्रती, आईकडून आणि बापाकडून आलेल्या, सारख्या असतात. मात्र शेतकऱ्याच्या कणग्यात ‘एक वाण’ म्हणून ठेवलेल्या बियाण्यात अशा अनेक शुद्ध वंशरेषा मिसळलेल्या असू शकतात, काही हळव्या (लवकर पिकणाऱ्या), काही गरव्या (उशिरा पिकणाऱ्या). पाऊस लांबला किंवा लवकर उघडला तरी काहीतरी हाती लागते, ते या मिश्रणामुळेच. एक कणीस तपासून दाखला दिला तर मिश्रणातील एकाच रेषेची नोंद होते आणि उरलेल्या कागदावरून पुसल्या जातात. शिवाय नागलीत ३६ गुणसूत्रे असून ती दोन निरनिराळ्या पूर्वजांकडून आलेल्या संचांची आहेत. एकच मार्कर दोन्ही संचांत सापडला, तर चाचणीत एका झाडाचे दोन पट्टे, म्हणजे दोन वेगळी रूपे, दिसतात आणि अननुभवी माणूस त्याला संकर समजतो. स्वपरागी पिकात असे दोन पट्टे दिसले की आधी मार्करवरच शंका घ्यायला हवी.

शीर्षकातले आकडे कुठून आले ते आता सांगतो. समुदायात पाच टक्के प्रमाणात असलेला अलील नमुन्यात निदान एकदा तरी सापडण्याची खात्री ९५ टक्के हवी असेल, तर सुमारे ५९ स्वतंत्र प्रती तपासाव्या लागतात, कारण ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या खाली येतो. कांद्याचे प्रत्येक रोप दोन स्वतंत्र प्रती देते, म्हणून तीस रोपे पुरतात. नागलीच्या झाडातील दोन्ही प्रती सारख्या असल्याने प्रत्येक झाड एकाच प्रतीइतकी माहिती देते, म्हणून साठ झाडे लागतात. द्राक्षाची एक वेल पुरेशी आहे. तिन्ही पिकांना एकच मोजपट्टी लावल्यास तुलनेत नागली विनाकारण गरीब आणि कांदा भलताच अस्थिर दिसेल.

एक मर्यादाही स्पष्ट लिहिली पाहिजे. यांतील बहुतेक मार्कर डीएनएच्या अशा जागी असतात ज्यांचा पिकाच्या गुणांशी थेट संबंध नसतो. कांदा चाळीत किती टिकेल किंवा नागली पावसाची ओढ सोसेल का, हे या आकड्यांवरून कळत नाही; त्यासाठी शेतात लावूनच पाहावे लागते. द्राक्षाच्या बीरहितपणाशी निगडित जनुकावरचा मार्कर हा वेगळा प्रकार आहे, त्यामुळे संकरातून आलेली रोपे फळ धरण्याआधीच पानावरून निवडता येतात. परंतु असे गुणनिदर्शक मार्कर थोडे आहेत. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करता येते, पण तिथेही वेगळेपणाची परीक्षा प्रामुख्याने शेतातील लक्षणांवर होते, आणि ती तशीच राहावी असे मला वाटते.

कृषी विभागाला आणि ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती अशी की, लोकजैवविविधता नोंदवहीत वाणाच्या नावापुढे पाड्याचे नाव, बियाणे कोणाकडून आले आणि किती झाडांची पाने घेतली याची नोंद सक्तीची करावी. प्रयोगशाळेच्या प्रत्येक अहवालावर झाडांची संख्या आणि मार्करांची संख्या छापलेली असावी आणि तो अहवाल मराठीत त्या शेतकऱ्याच्या हाती पडावा. पाने गोळा करणे कठीण नाही. कोवळे पान सिलिका जेलच्या पुडीत वाळवले की शीतपेटीशिवाय पाठवता येते. द्राक्षाची पाने खरड छाटणीनंतरच्या नव्या फुटीची घ्यावीत, कारण जून पानांतील फिनॉलमुळे डीएनए काढताना अडथळा येतो. नागलीची पाने आवणीनंतर ऑगस्टमध्ये आणि उन्हाळ कांद्याची रोपवाटिकेतून नोव्हेंबरमध्ये मिळतात. म्हणजे नागलीपुरती तरी गावांची व शेतकऱ्यांची यादी राबात पेरणी होण्यापूर्वी, मे महिन्यातच तयार असायला हवी.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, नाशिक