डुकरांच्या घटसर्पात जंतूचा प्रकारही सांगा

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याआधी घटसर्पाचे लसीकरण होते, तेव्हा गायी-म्हशींचीच लस डुकरांनाही टोचली जाते. तिच्यात घटसर्पाच्या जंतूचा, म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडाचा, पी-५२ हा मारलेला वाण असतो, प्रकार बी:२. म्हशीच्या घटसर्पावर ती चालते. डुकराच्या फुप्फुसात मात्र याच जंतूचे, त्याच्या कवचावरून (बाहेरच्या आवरणावरून) ओळखले जाणारे, ए आणि डी प्रकारही सापडतात, आणि त्यांच्यावर या लसीचा भरवसा धरता येत नाही. डुकरे खोकतच राहिली की मालक लसीला बनावट ठरवतो. लस खरी असते, जंतूच दुसरा असतो.

म्हणून 'पाश्चुरेला आढळला' एवढ्या अहवालाने आमचे भागत नाही. केएमटी-१ पीसीआरने (जंतूचा डीएनए ओळखणाऱ्या चाचणीने) जंतू पक्का झाला की पुढची पीसीआर कवचाचा प्रकार सांगते. त्यासोबत टॉक्स-ए हे जनुक वेगळे तपासावे. त्याच्या विषाने पिलांच्या नाकातली नाजूक हाडे झिजतात आणि तोंड वाकडे होते. हे जनुक जंतूत दडून बसलेल्या विषाणूच्या डीएनएवर असते, त्यामुळे नुसत्या ए-डीवरून विषाचा अंदाज बांधता येत नाही. विष निघाले तर बी:२ ची लस कितीही टोचा, उपयोग नाही. तिथे गाभण माद्यांना टॉक्सॉइड (निष्प्रभ केलेल्या विषाची) लस हवी.

खरी गफलत नमुन्यात होते. अँटिबायोटिकचे इंजेक्शन आधी आणि नमुना नंतर, मग जंतू वाढवायची प्लेट कोरी. फुप्फुसाचा तुकडा घट्ट झालेला भाग आणि निरोगी भाग यांच्या सीमेवरून घ्यावा. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर जंतू मेलाच. बर्फाच्या पेटीतून २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. प्लेटवरून एकच वसाहत (वाढलेल्या जंतूंचा ठिपका) न उचलता चार-पाच उचलाव्यात, कारण एकाच फुप्फुसात दोन प्रकार असू शकतात. ए प्रकाराच्या वसाहती ओल्या, शेंबडासारख्या दिसतात. त्याच वारंवार नव्या प्लेटवर लावत गेले की कवच गळते, जहालपणाही जातो. म्हणून पहिल्याच वाढीतून ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठा करावा. हा साठा राज्यात जपला, तर पुढे लसीचा वाण निवडताना हाताशी काही असेल.

एक इशारा. तीव्र ताप, कातडीवर लाल-जांभळे डाग आणि धडाधड मर असेल तर डुक्कर फाडूच नये. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग असाच दिसतो, आणि सांडलेल्या रक्तातून पसरतो. तिथे आधी रक्त आणि स्वॅब पाठवून तो नाही याची खात्री करावी.

आमची मागणी खर्चिक नाही. डुकरांच्या प्रत्येक पाश्चुरेला अहवालात कवचाचा प्रकार, टॉक्स-ए आणि अँटिबायोटिक संवेदनशीलता या तीन नोंदी सक्तीच्या करा. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर डुकराचे वय, शेवटची लस, आणि शेवटचे अँटिबायोटिक कोणते व किती तासांपूर्वी दिले, हे लिहिल्याशिवाय नमुना स्वीकारू नये, असाही आदेश काढा.

आपले,
वराहपालकांसोबत काम करणारे पशुवैद्यक