१४२८५७ची फुगडी

संपादक महोदय,

नातीचा गृहपाठ घेताना परवा १ला ७ने भाग द्यायची वेळ आली. 'आजोबा, हा संपतच नाहीये!' म्हणून ती वैतागली. खरंच संपत नाही; ०.१४२८५७ नंतर तेच सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात.

मग वहीच्या मागच्या पानावर १४२८५७ला गुणत बसलो. दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, चौपट ५७१४२८. सहापटीपर्यंत तेच सहा अंक फुगडी घातल्यासारखे त्याच क्रमाने फिरतात. सातने गुणलं की एकदम ९९९९९९!

वर्ग मात्र मलाच करावा लागला, पोरीचा धीर सुटला होता. उत्तर २०४०८१२२४४९. यातले शेवटचे सहा अंक, म्हणजे १२२४४९, तोडून उरलेल्या २०४०८मध्ये मिळवा. पुन्हा १४२८५७ हजर. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात, आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या नावावरून. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नावही त्यांनीच दिलं. आमची संख्या त्यातही बसते: बेरीज २७, भागाकार ५२९१.

नातीच्या पुस्तकात शोधलं, यातलं काहीच सापडलं नाही. आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी महिन्यातून एकदा तरी अशी एखादी संख्या द्याल का? उत्तर पुढच्या अंकात दिलंत तरी चालेल, तोवर आम्ही गुणाकार करत बसू.

– एक निवृत्त वाचक, नाशिक रोड