आईला, कॉक्स बाजारहून

कुतुपालोंग निर्वासित छावणी, कॉक्स बाजार, बांगलादेश

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

संत्रा बर्फीचा डबा पोचला. इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, टेकडीवरच्या झोपड्यांची ताडपत्री रात्रभर वाजत असते.

छावणीत फिरून आजारांची खबर देणाऱ्या बायकांबद्दल परवा बाबा फोनवर म्हणाले, "दवाखाने आहेत, तर या बायका घरोघर कशाला हिंडतात?" त्यांना हे वाचून दाखव. दवाखान्याला फक्त आलेला पेशंट दिसतो. २०१७ च्या ऑगस्टपासून काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून इथे आले आणि त्याच हिवाळ्यात छावणीत घटसर्पाची साथ पसरली. मेडिकलला शिकताना मी घटसर्प फक्त पुस्तकात वाचला होता.

या बायका छावणीतल्याच. चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब, ताप आणि अंगावर पुरळ, पंधरा वर्षांखालच्या लेकराचा हात-पाय अचानक लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं की लगेच कळवायचं. तपासणी नंतर. काहीच नसेल तर 'शून्य' कळवायचं, कारण निरोपच आला नाही तर आजार नाही की बाई फिरलीच नाही, हे कसं समजणार? तू सक्करदऱ्याला कुलरमधल्या डासअळ्या बघत फिरायचीस, तेव्हा 'काही नाही' हेही वहीत लिहायचीस. तेव्हा मला ते उगाच वाटायचं.

मंगळवारी मी एकीबरोबर फिरत होते. एका दारात आई म्हणाली, सगळं ठीक आहे. आम्ही निघालो, पण हिचं लक्ष आतल्या दोरीकडे गेलं. भर पावसात लहान मुलाच्या चार चड्ड्या धुऊन टाकलेल्या. ती परत फिरली, उंबऱ्यात बसली, घरच्या गोष्टी काढल्या. मग कळलं, धाकट्याला रात्रीपासून जुलाब. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसत होती, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. केंद्रात नेलं तर बाकीच्या तिघांना कोण बघेल, म्हणून आई लपवत होती. शेजारणीने तिघांना सांभाळलं, वाटेत ओआरएस पाजत आम्ही त्याला नेलं. त्याच दिवशी त्या हातपंपाचं पाणीही तपासायला घेतलं. पोर गुरुवारी घरी आलं.

हे तिला दिसलं, मला नाही. मला जुलाब मोजता येतात, दोरी वाचता येत नाही.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. तेव्हाही काम घरच्या माणसांनीच केलं.

एक गोष्ट मनाला लागून आहे. गेल्या महिन्यात हिनेच निरोप दिला होता आणि मी तिथे दुसऱ्या दिवशी पोचले. कळवूनही कुणी येत नाही असं दोनदा झालं, की तिसऱ्यांदा कुणी दार उघडत नाही. आता निरोप आला की मी जेवण अर्धवट टाकून निघते.

तुझी कुलरची वही रद्दीत देऊ नकोस. मी दिवाळीत आले की तिचे फोटो काढून इथल्या बायकांना दाखवायचे आहेत.

बाबांना नमस्कार.
तुझी,
मोठी