संकटात नेत्याने कुठे असावे?

महोदय,

मोठी दुर्घटना घडली की पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष घटनास्थळी किती लवकर पोहोचले, यावरून त्यांची कामगिरी मोजली जाते. हा निकषच घातक आहे. नेता येणार म्हटले की हेलिपॅड मोकळे ठेवावे लागते, रस्ते अडवले जातात, पोलीस बंदोबस्तात अडकतात आणि बचावकार्याचा प्रमुख हातातले काम टाकून सादरीकरणाच्या तयारीला लागतो. ढिगाऱ्याखालची माणसे जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असते. ७२ तासांनंतर ती फारच कमी उरते. हा वेळ बचावपथकांचा आहे.

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानचे पंतप्रधान नाओतो कान दुसऱ्याच दिवशी सकाळी हेलिकॉप्टरने फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पात गेले. अणुभट्टीतला वाढता दाब कमी करण्यासाठी वायू बाहेर सोडण्याची धडपड तेव्हा चालू होती, आणि प्रकल्पप्रमुखाला पंतप्रधानांच्या प्रश्नांची उत्तरे देत बसावे लागले. कान यांची तळमळ खरी होती. प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीकडून त्यांना धड माहिती मिळत नव्हती. तरीही जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये सांगितले की, पंतप्रधान कार्यालयाच्या थेट हस्तक्षेपामुळे आदेशांची साखळी विस्कटली.

माहिती मिळत नसेल तर स्वतः धावू नये, आपला जाणकार माणूस तिथे बसवावा. अमेरिकेत २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड प्रकल्पात अपघात झाला, तेव्हा वीज कंपनी, राज्य सरकार आणि अणुनियामक वेगवेगळे बोलत होते आणि लोकांची घबराट वाढत होती. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ३० मार्चला नियामक संस्थेतले हॅरल्ड डेंटन यांना आपला प्रतिनिधी म्हणून पाठवले. त्यानंतर तांत्रिक माहिती मुख्यतः त्यांच्याच तोंडून येऊ लागली आणि गोंधळ ओसरला. कार्टर स्वतः १ एप्रिलला गेले. नौदलात त्यांचे अणुतंत्राचे प्रशिक्षण झाले होते, तरी तांत्रिक बोलणे त्यांनी डेंटन यांच्यावरच सोपवले.

नेत्याने बोलायचे मात्र लवकर, काही तासांच्या आत. कोणती माहिती पक्की आहे, कोणती अजून तपासली जात आहे आणि पुढचे निवेदन किती वाजता होईल, एवढे सांगितले तरी पुरे. ती वेळ पाळावी, नवीन काही नसले तरी. मृतांचा आकडा ‘आतापर्यंत खात्री झालेला’ म्हणूनच द्यावा, नाहीतर तो वाढला की लपवाछपवीचा संशय येतो. ‘परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे’ हे वाक्य तर टाळावेच.

गप्प राहण्याची किंमत सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज प्रकल्पाच्या अपघाताने दाखवली. स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे झाला. सोव्हिएत सरकारने त्रोटक बातमी दिली ती २८ एप्रिलच्या रात्री, तीही स्वीडनच्या अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग आढळल्यावर. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवर आले थेट १४ मे रोजी. दरम्यान जवळच्या कीव्ह शहरात १ मेची मिरवणूक मुलांसह निघाली होती.

बंद दाराआडची शिस्तही महत्त्वाची आहे. १९६२ च्या क्युबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले, कारण अध्यक्ष समोर असले की माणसे मोकळेपणाने विरोध करत नाहीत. शिवाय प्रत्येक निर्णय वेळेसह आणि निर्णय घेणाऱ्याच्या नावानिशी त्याच क्षणी लिहून ठेवण्यासाठी एक माणूस बैठकीत नेमावा. अशी नोंद नसेल, तर पुढे चौकशीत तोंडी आदेश नेमका कोणी दिला हे सिद्ध करता येत नाही आणि खापर खालच्या अधिकाऱ्यावर फुटते.

— एक वाचक