तुम्ही आमच्या आजीचं गोंदण पुसलंत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
फोटो दुरुस्ती, स्कॅनिंग व छपाई विभाग

विषय : जुन्या फोटोतले चेहरे बदलल्याबद्दल आणि मूळ फोटो पुठ्ठ्यावर चिकटवल्याबद्दल तक्रार

महोदय,

माझ्या आजी-आजोबांचा एक कृष्णधवल फोटो दुरुस्त करून, स्कॅन करून मोठ्या आकारात छापून मिळावा म्हणून मी तुमच्या बेळगावच्या शाखेत दिला होता. पैसे आगाऊ भरले होते. परत आलेलं पाकीट उघडलं त्या दिवशी घरात कुणाला जेवण गेलं नाही.

फोटो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. इटलीच्या आघाडीवर जाण्याआधी सुट्टीवर आले, तेव्हा बेळगावातल्या एका स्टुडिओत आजीला शेजारी बसवून त्यांनी तो काढून घेतला. आजीचा तरुणपणीचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी तो भिंतीवर असायचा, आणि तिकडच्या पावसात भिंती किती ओल धरतात ते वेगळं सांगायला नको. फोटोच्या कागदावरचा जिलेटिनचा थर ओलावा शोषून घेतो, मग त्यावर बुरशी धरते. तशी ती आजोबांच्या कोटावर आणि मागच्या पडद्यावर धरली होती. एक आडवी मोड पडली होती, गडद भागावर चंदेरी झाक आली होती. दुरुस्त करायचं होतं ते एवढंच. दोघांचे चेहरे स्वच्छ होते, आणि 'चेहऱ्यांना हात लावू नये' असं मी फॉर्मवर लिहून दिलं होतं.

छापून आलेल्या प्रतीत आजीच्या कपाळावरची गोंदलेली रेघ नाही, हनुवटीवरचे ठिपके नाहीत. बुरशीचे डाग समजून ते पुसले गेले. आमच्या भागातल्या त्या पिढीच्या बायांना गोंदण म्हणजे काय होतं, हे इथे दुकान मांडून बसलेल्यांना ठाऊक असायला हवं. दागिने गहाण पडतात, मोडले जातात; मेल्यावर बरोबर येतं ते गोंदण, असं आजी म्हणायची. बुरशीचा डाग गाल, पदर, पडदा काही न बघता पसरतो. गोंदण रेषेत आणि ठरल्या जागी असतं. हा फरक कळायला कुणीतरी दोन मिनिटं फोटोकडे नीट बघायला हवं होतं.

चेहऱ्याचंही तेच. डोळे मोठे केले, भुवया कोरल्या, कातडी मेणासारखी गुळगुळीत केली. आजीचा डावा डोळा किंचित बारीक होता. तोच माझ्या वडिलांकडे आला, माझ्या मुलीकडेही आला आहे. तो उजव्यासारखा करून टाकला. ऐंशीच्या घरातल्या माझ्या आत्तींना प्रत दाखवली, तर त्या म्हणाल्या, "ही कोण बाई गे? आमची आई न्हवं ही." आजोबांच्या टोपीवरच्या बिल्ल्यातलं बिगुल जाऊन तिथे कसलीतरी अर्थहीन नक्षी आली आहे.

शिवाय मी न मागता एक रंगीत प्रतही पाठवली आहे, आणि तिच्यात आजीचं कुंकू काळं आहे. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग उमटत नसे, लाल वस्तू छापून काळी यायची. ही या धंद्यातली जुनी माहिती आहे. नवरा लढाईवर निघालेल्या सवाष्णीच्या कपाळी तुम्ही काळं लावलंत. ती प्रत मी घरात कुणाला दाखवलेली नाही.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, "एआयने फोटो एन्हान्स होतो, कस्टमरना हेच आवडतं." मला पाठवलेली फाइल 300 डीपीआयची, म्हणजे इंचाला 300 ठिपके टिपलेली, जेपीईजी आहे. 4 बाय 6 इंचांचा फोटो असा स्कॅन केला की 1200 बाय 1800 पिक्सेल मिळतात. तोच 16 बाय 24 इंचांवर ताणला की इंचाला 75 पिक्सेल उरतात. मग उरलेली जागा यंत्र मनाने भरतं. 1200 डीपीआयला स्कॅन केलं असतं तर फोटोत खरोखर होतं तेवढं सगळं हाती आलं असतं, आणि यंत्राला चेहरा रचायची गरज पडली नसती.

छपाई पुन्हा करता येईल. मूळ फोटोचं काय? तो तुम्ही नव्या पुठ्ठ्यावर पक्का चिकटवून दिला आहे. हे करायला कुणी सांगितलं होतं? त्याच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का होता, त्यात 'बेळगाव, मुंबई इलाखा' असं होतं. त्याखाली पणजोबांनी मोडीत लिहिलेल्या दोन ओळी होत्या. पणजोबांच्या हातचं दुसरं अक्षर आमच्याकडे नाही. पाठ स्कॅन करायची कुणाला सुचली नाही, आणि आता ती पुठ्ठ्याखाली आहे.

माझ्या मागण्या अशा. कोणता गोंद किंवा कोणती चिकटफिल्म वापरली ते आधी लेखी कळवा. मूळ फोटो कागदसंवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडून पुठ्ठ्यापासून सोडवून द्यावा. खर्च तुमचा, माणूस कोण ते मला आधी कळायला हवं, आणि तोवर तुमच्या शाखेत त्याला पाणी, वाफ, पातं काहीही लावू नये. तो सुटल्यावर दोन्ही बाजूंचं 1200 डीपीआयचं स्कॅन, काहीही न सुधारता, तपशील न गमावणाऱ्या टिफ फाइलमध्ये द्यावं. भरलेले सगळे पैसे परत करावेत. बदललेले चेहरे तुमच्या संगणकावरून काढून टाकावेत आणि नमुना म्हणून कुठेही दाखवू नयेत.

तुम्ही ऑर्डर ऑनलाइन घेता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी बेळगावच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक राहतो तिथे दाद मागता येते. फॉर्मची प्रत, पावती, देण्याआधी मोबाइलवर काढलेला फोटो आणि तुमची छपाई, सगळं सोबत जोडलं आहे.

उत्तर लेखी द्यावं. फोनवर बोलणार नाही.

आपली ग्राहक,
शहापूर, बेळगाव