पऱ्हाटी, तुराटी आणि बांधावरची झाडे: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सा. न. वि. वि.

औष्णिक केंद्रांनी कोळशात जैवभाराच्या पेलेट, म्हणजे पिकांचे अवशेष दाबून केलेल्या कांड्या, मिसळून जाळाव्यात, असे बंधन केंद्राने ऑक्टोबर २०२१ च्या धोरणात घातले. कोळसा कमी जळणार असेल तर हरकत कुणाची? हरकत आहे ती या पेलेटसाठी पऱ्हाटी-तुराटीला, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्यांना, ‘टाकाऊ’ म्हणण्याला.

टाकाऊ म्हणणाऱ्याने जानेवारीत मराठवाड्यातल्या आमच्या बालाघाट डोंगररांगेत यावे. कपाशी उपटायची मजुरी अनेक ठिकाणी पऱ्हाटीतच फिटते. बायका रान मोकळे करून देतात आणि सरपण घेऊन जातात. तुराटीवर चूल पेटते, कूडही तिचाच आणि वेलाला आधारही तिचाच. घरात सिलिंडर असला तरी अंघोळीचे पाणी त्यावर कोण तापवतो? उद्या कारखान्याने टनावर भाव काढला की पैसा सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्याकडे जाईल. भूमिहीन घरातली बाई सरपणासाठी वेड्या बाभळीच्या काट्यांत शिरेल. तिच्या मोळीची नोंद कोणत्या प्रकल्प अहवालात होते?

पऱ्हाटी रानात उभी ठेवा, असेही माझे म्हणणे नाही. शेंदरी बोंडअळी तिच्यातच मुक्काम करते, म्हणून फरदड (मुख्य वेचणीनंतर तीच झाडे राखून घेतलेला कापूस) घेऊ नका हे आपलेच खाते दरवर्षी सांगते. श्रेडरने भुगा करून जमिनीत घालावी, सरपणाला लागेल ती ठेवावी आणि उरेल ती पेलेटला जावी. क्रम एवढाच, पण तो उलटा होऊ नये.

उलटा क्रम आम्ही पाहिला आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) बायोडिझेलचे स्वप्न दाखवले. पडीक जमीन, पाणी नको, तेल भरपूर. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण लिहिले गेले. हलक्या रानात झाड जगले, पण बी मोजकेच आले. गुरांना त्याचा पालाही चालेना. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचे लक्ष्य ५ टक्क्यांवर आले, तेही २०३० साठी. लावणाऱ्याचे मात्र कुणी भरून दिले नाही.

आता जळणासाठी बांबूची पाळी. बांबू वाईट नाही, पण जोमाने वाढणाऱ्या बाल्कोआ जातीला आमच्याकडे ठिबक लागते. मानवेल जात कोरड्यात तगते, ती हळू वाढते. आणि पाणी आहे कुठे? लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले आणि त्याच्या आदल्या वर्षी परळीचे औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद पडले.

आमच्या बांधाला शोभते ते गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) झाड. फाटा खोचला की पावसाळ्यात फुटतो, गुरे सहसा तोंड लावत नाहीत आणि हवेतले नत्र मुळांवाटे धरतो. छाटणी केली की पाला जमिनीला, काडी भट्टीला. श्रीलंकेत चहा, रबर, नारळापाठोपाठ याला लागवडीचे चौथे पीक मानले गेले आणि त्याच्या लाकडावर वीज तयार होते. जोडीला बांधावर हिवर आणि अंजन असू द्या. पण अंजन महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा, १९६४ च्या अनुसूचीत आहे. स्वतः लावलेले झाड तोडायला परवानगीसाठी हेलपाटे घालायचे असतील तर ते लावणार कोण? बांबूला २०१७ मध्ये ‘झाड’ या व्याख्येतून वगळलेच ना!

तेव्हा चार गोष्टी कराव्यात. शेतकऱ्याने लावून नोंदवलेल्या झाडाच्या तोडीला परवानगी नको, सूचना पुरेशी असावी. पेलेटचे केंद्र गावांच्या गटाजवळ असावे, कारण सुट्या पऱ्हाटीने ट्रॉली भरते, वजन भरत नाही. खरेदीच्या करारात मजुरांच्या सरपणाचा वाटा लिहिलेला असावा. आणि रोजगार हमीच्या बांधावरील लागवडीत बांबूइतकाच जोर गिरिपुष्पावर हवा. आदेश मृगाआधी निघाला तर याच पावसात फाटे लागतील.

आपला,
बालाघाटातील एक कोरडवाहू शेतकरी