सोमवारी एक खोकं येईल

ती. आई-बाबा,
सा. न.

सोमवारी एक खोकं येईल, ते परत पाठवू नका. बसून पेडल मारायची सायकल आहे, आणि मांडीला पॅड लावून स्नायूंना करंट देणारं मशीन. पैसे भरून झालेत. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट घरी येतील. विचारलं नाही, कारण 'बघू पावसाळ्यानंतर' हेच ऐकायला मिळालं असतं. भाऊकाकांच्या वेळी आपण असंच बघत बसलो होतो.

बाबा, तुमचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच ठरवलंय. हळू पेडल मारताना मुख्यतः स्नायूंतले बारीक, चिवट तंतूच राबतात. जाड, जोरकस तंतू जागे व्हायला दम लागेपर्यंत पळवायला हवं, आणि तुमचा गुडघा तेवढं सोसणार नाही. वयाबरोबर जास्त झिजतात ते नेमके हेच. करंट त्यांनाही थेट कामाला लावतो, म्हणून संथ पेडलनेही स्नायू रक्तातली साखर जास्त ओढतात. कमरेखाली संवेदना नसलेली माणसं अशाच करंटवर सायकल चालवतात. 2016 ला झुरिचच्या सायबॅथलॉनमध्ये, म्हणजे यंत्रांच्या मदतीने खेळणाऱ्या दिव्यांगांच्या स्पर्धेत, त्यांची शर्यतसुद्धा झाली. तुम्हाला तर फक्त हॉलमध्ये बसायचंय.

आरामखुर्ची खिडकीतच राहील. सायकल तिच्या शेजारी मावते, मी मागच्या वेळी पावलांनी मोजलंय. पेपर वाचत पेडल मारा, चहा नेहमीच्या वेळेलाच.

दांडीला टॉवेल गुंडाळून मला बसवायचात, आठवतं? आयर्विन पुलावर समोरून वारा आला की तुम्ही उभे राहून पेडल मारायचात आणि तुमची हनुवटी माझ्या डोक्याला लागायची. मला वाटायचं, सायकल आपोआपच चालते.

असो. आता ऐका. मांडीला खोबरेल लावून बसायचं नाही, पॅड चिकटत नाहीत. बटण स्वतः वाढवायचं नाही. मुंग्या येतात, मग स्नायू घट्ट आवळतो, एवढं ठीक; दुखलं तर लगेच सांगायचं. सुरुवातीला दहाच मिनिटं, कारण करंटने स्नायू लवकर थकतो आणि अति झालं तर तुटतो. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर त्याच क्षणी दवाखाना, माझ्या फोनची वाट बघायची नाही. साखरेची गोळी चालू आहे, म्हणून आधी-नंतर साखर तपासा आणि खडीसाखर खिशात ठेवा.

आई, तू रागावू नकोस, पण मशीनला हात लावायचा नाही. 'बघू तरी कसं लागतं' म्हणूनसुद्धा नाही. तुझा पेसमेकर आहे. पॅड बाबांनाच लावू दे, नाहीतर थेरपिस्ट लावतील.

तुझ्याकडे दुसरं काम. दर रविवारी शिवणाच्या टेपने बाबांच्या दोन्ही मांड्या मोज, गुडघ्याच्या वाटीपासून वीतभर वर, आणि कॅलेंडरवर लिही. पहिला आकडा माझ्याकडे आहे. बाबा दुपारी झोपले होते तेव्हा मोजला. डावी अडीच सेंटिमीटरनी बारीक आहे. तेव्हा काही बोलले नाही.

तुमची,
मनू